दहाव्यावरची सिगारेट आणि तिचं व्हाय-व्हाय

या प्रकरणातल्या गृहस्थांना शॉपमध्ये सगळे दादा म्हणतात, तेव्हा इथंही दादाच. वय ४४. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सचे सुपरवायझर. दर आठवड्याला फिरणाऱ्या तीन शिफ्ट. गाव माण तालुक्यातलं, घर चिखलीत; घरात बायको, दोन मुलं आणि आई. आयटीआयला असताना हाताला लागलेली सिगारेट वीस-बावीस वर्षं टिकली, दिवसाला बारा ते चौदा. मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला, फुंकर मारायच्या चाचणीत आकडा कमी आला आणि दादांनी एका झटक्यात सिगारेट बंद केली. सात महिने बंद राहिली. आठव्या महिन्यात पुन्हा लागली आणि बघता बघता पहिल्याइतकी झाली.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं काम. दादा माझ्याकडे आले ते या दुसऱ्या सुरुवातीनंतर, पावसाळ्याच्या तोंडाला. (माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि याच पट्ट्यातल्या आणखी दोघा-तिघांचे अनुभव यात मिसळले आहेत.) खुर्चीत बसता बसता त्यांनी निकाल देऊन टाकला, "मॅडम, माझ्यात जिगरच नाही. असती तर सुटलेली परत लागली असती का?"

कारखान्यातल्या माणसाशी बोलताना एक सोय असते. मशीन बंद पडलं की ही मंडळी 'व्हाय-व्हाय' करतात. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली पद्धत आहे. का बंद पडलं, याचं उत्तर मिळालं की त्या उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, साधारण पाच वेळा, खरं कारण हाताला लागेपर्यंत. दादा हे फॉर्म स्वतः भरतात. त्यांना विचारलं, "शेवटच्या रकान्यात तुम्ही 'ऑपरेटरची चूक' लिहिलंत तर ऑडिटर फॉर्म घेईल?"

"घेतोय कसला. तोंडावर मारेल."

"मग 'जिगर नाही' हे दुसरं काय आहे?"

ते हसले. पुढच्या सगळ्या भेटी या एका प्रश्नावर चालल्या.

घाटावर

उन्हाळ्यात दादांचे चुलतभाऊ गेले. पन्नाशीचे, हृदयविकाराचा झटका. तेही ओढायचे, ही गोष्ट दादांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितली, तीही जाता जाता.

दहावा माणगंगेच्या पात्रात होता. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा काही शिवेना. थोरल्या चुलत्यांनी हात जोडून पुतण्याला सांगितलं, पोरीचं लग्न आम्ही करू. मग कुणी विहिरीच्या कर्जाचं बोललं. तरी कावळा बाभळीवरच. ऊन चढत होतं. अशा वेळी पुरुष मंडळी दोघं-दोघं करून बाजूला सरतात, हे ज्यांनी दहावे पाहिलेत त्यांना माहीत आहे. दादाही सरले. शेजारच्या वस्तीवरच्या एका जुन्या सोबत्यानं पाकीट पुढं केलं, "घे की, कवाधरनं उभा हाईस." दादांनी घेतली.

इथं पहिला 'का'. नाही का म्हणाले नाहीत? दादांचं उत्तर आधी होतं, "मोह झाला." खणल्यावर वेगळंच निघालं. भोसरीत सगळ्यांना ठाऊक होतं की दादांनी सोडली; गावात कुणालाच नाही. सात महिने गावी गेले ते धावतपळत. त्यामुळे घाटावर ते अजून ओढणारेच होते आणि दुःखाच्या जागी 'मी सोडली' म्हणून स्वतःचं कौतुक सांगणं त्यांना बरं दिसेना. नकाराला लागणारं वाक्य तयार नव्हतं. तेवढंच कारण होतं, आणि ते पुरेसं होतं.

ती सिगारेट आवडली का? अजिबात नाही. डोकं गरगरलं, तोंड कडू झालं, अर्ध्यावर टाकून दिली. सात महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, तेव्हा असंच होतं. म्हणून मी घाटावरच्या सिगारेटला फार मोठी मानत नाही. दादा मात्र सगळा दोष तिलाच देत होते. घरची मंडळीही "त्या दहाव्यानं घात केला" असंच म्हणायची.

घात नंतर झाला. परतताना एसटीच्या खिडकीशी बसून त्यांनी स्वतःला दोन गोष्टी सांगितल्या: सात महिने पाण्यात गेले, आणि आता बाटलोच, मग काय राहिलं. या विचाराचा अभ्यास झालेला आहे. ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली तो नीट मांडला. निश्चय मोडल्यावर माणूस दोष कुणाला देतो, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं. प्रसंग तसा होता असं म्हणणारा सावरण्याची शक्यता जास्त. मीच तसला आहे म्हणणारा दुसरी पेटवण्याची शक्यता जास्त. एकदा घसरणं आणि पुन्हा व्यसनात जाणं यांच्यात काही दिवसांची मोकळी जागा असते. दादांना ती चार दिवस मिळाली होती. त्या चार दिवसांत त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही.

रात्री तीनचा ब्रेकडाउन

पाचव्या दिवशी थर्ड शिफ्ट होती. हायड्रॉलिक प्रेसचं ऑइल सील गेलं, लाइन बंद, प्रॉडक्शनवाल्यांचे फोनवर फोन. सील बदलून प्रेस चालू व्हायला पहाट झाली. पोरं गेटबाहेरच्या टपरीवर निघाली, दादाही गेले. चहा झाला. त्यांनी मागितली नव्हती, पण एकानं पेटवलेलीच हातात दिली. ती मात्र आवडली.

इथला 'का' मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो. मी विचारलं, मधल्या सात महिन्यांत असे ब्रेकडाउन झालेच असतील, तेव्हा काय करत होतात? ते जरा वेळ गप्प राहिले. "काही नाही. शॉपमध्येच थांबायचो. मग तिथंही कोणी ना कोणी काहीतरी विचारायचंच."

म्हणजे सिगारेटबरोबर त्यांची सुट्टीही गेली होती. ओढणारा माणूस दर दोन तासांनी दहा मिनिटं गेटबाहेर उभा राहतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. न ओढणाऱ्यानं तसंच नुसतं उभं राहून दाखवावं! सुपरवायझर येऊन विचारेल, काम नाही का. सिगारेट हा बाहेर पडायचा परवाना असतो. दादांनी परवाना टाकला आणि सात महिने न थांबता राबले. वरून सगळे म्हणत होते, वा, दादांनी करून दाखवलं.

"टेन्शन उतरतं" हे वाक्य प्रत्येकजण सांगतो. त्यातला एक भाग फसवा आहे. धुरातलं निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की चिडचिड, अस्वस्थता सुरू होते. पुढची सिगारेट ती थांबवते. स्वतःच आणलेलं टेन्शन ती उतरवते आणि माणूस तिचे आभार मानतो. सोडलेल्यांचं काही आठवड्यांनंतर मोजमाप केलं, तर चिंता आणि ताण ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी झालेला दिसतो. वाक्यातला दुसरा भाग मात्र खरा आहे: बाहेरची हवा, मोकळे हात, दोन माणसांशी बिनकामाचं बोलणं. तो भाग सिगारेटच्या नावावर जमा होतो, एवढंच. सोडायला सांगणारे आपण लोक हा खरा भाग काढून घेतो आणि बदल्यात काही देत नाही.

तिथून पुढचा उतार सगळ्यांचा असतो तसाच. शिफ्टला एकच, तीही दुसऱ्याच्या पाकिटातली, म्हणजे विकत घेतली नाही असं मनाचं समाधान. मग एकेक सुटी विकत. (महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, टपरीवर पाहिलं तर तसं वाटत नाही.) मग पाकीट. घरी जायच्या आधी पंपावर हात धुणं, लवंग, बडीशेप. बायकोला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या बोलल्या नाहीत, कारण आधीच्या सात महिन्यांत बोलून बोलून त्या थकल्या होत्या.

पहिल्या खेपेला राहून गेलेलं

घाटावर आणि प्रेसपाशी जे झालं त्याची मुळं मागच्या सात महिन्यांत होती. ते महिने दादांना सोपे गेले नव्हते. कुणाला दिसले नाहीत, इतकंच.

सकाळचंच घ्या. उठल्यावर पाव तासात पहिली सिगारेट, चहाबरोबर, कारण "ती ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही." यावर हसणारे पुष्कळ डॉक्टर मी पाहिलेत, पण तक्रार खरी असते. निकोटिननं आतड्याची हालचाल वाढते आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणं हे नेहमीचं लक्षण आहे. दादांना हे कुणी आधी सांगितलं नाही. पहिल्या पंधरवड्यात पोट बिघडलं, तेव्हा त्यांना वाटलं, सिगारेट सोडून नवंच दुखणं ओढवून घेतलं.

चहाचं तर फारच कमी लोकांना ठाऊक आहे. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात काम करतं आणि चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर निकामी होतं. धूर थांबला की थोड्याच दिवसांत ते विकर मंदावतं. मग त्याच तेवढ्याच चहानं रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. दादा दिवसाला सात-आठ कप घेत. सिगारेट सोडल्यावर वाढले, कारण हाताला काहीतरी हवं. परिणाम म्हणजे छाती धडधडणं, हात थरथरणं, थर्ड शिफ्टनंतर दिवसा झोप न लागणं. हे सगळं त्यांनी 'सिगारेटवाचून होतंय' या खात्यात टाकलं. त्यातलं निम्मंअधिक चहाचं असावं, असा माझा अंदाज. दुसऱ्या खेपेला चहा निम्म्यावर आणला आणि झोपेची तक्रार आलीच नाही.

मग गम. मेडिकलमधून त्यांनी निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या आणल्या होत्या, दोन दिवसांत कपाटात टाकल्या. उचक्या लागल्या, छातीत जळजळ झाली. कसं चघळत होतात विचारलं, तर नेहमीच्या च्युइंगमसारखं, आणि वरून चहा. असं केलं की निकोटिन पोटात जातं आणि तिथं त्रास देतं. ही गोळी सावकाश चावायची. तिखटसर चुणचुण सुरू झाली की थांबायचं आणि गाल नि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावायची. असं अर्धा तास. आधी पाव तास आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नाही, कारण अशा आम्लधर्मी पेयांमुळे तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. त्यात त्यांनी आणलेली होती दोन मिलिग्रॅमची. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला चारची लागते. दोनची चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून लोक तीच आणतात, "काही उपयोग होत नाही" म्हणतात आणि विषय संपतो.

वजन पाच किलो वाढलं. सोडल्यानंतर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतंच. याचं दादांना फार नव्हतं. शॉपमधले पोटावरून बोलायचे, त्याचं होतं.

आणि घरात पहारा. बायको रोज दारात, "अहो, तोंड दाखवा बघू." मायेनंच, पण सात महिने रोज तपासणी द्यायची म्हणजे माणसाचं लक्ष सिगारेट न ओढण्यावरून सापडू नये यावर जातं. घसरल्यावर सगळ्यात आधी जिला सांगायला हवं होतं तिच्यापासूनच लपवणं आलं, ते यातून.

दादांच्या आई मिश्री लावतात. गच्चीत तव्यावर तंबाखू भाजतात तेव्हा जिन्यापर्यंत वास येतो. मी त्यांच्यापाशी विषय काढून पाहिला. "म्या काय धूर काढती व्हय?" म्हणाल्या आणि उठून गेल्या. लेकाचं व्यसन घरभर चर्चेत आणि आईचं दात घासण्यात जमा. तो भाग या प्रकरणात तसाच राहिला आहे.

दुसरी खेप

फॅगरस्ट्रॉम यांच्या सहा प्रश्नांच्या चाचणीत दादांना दहापैकी पाच गुण मिळाले, म्हणजे निकोटिनवरचं अवलंबित्व मध्यम. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायच्या उपकरणात फुंकर मारली तर १८ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अठरा. दहाच्या वर म्हणजे ओढणारा, असं धरतात. मेंटेनन्सचा माणूस, त्या आकड्यात त्यांना भाषणापेक्षा जास्त रस वाटला.

"आता सोडून तरी काय उपयोग, जायचं ते गेलं," हेही एकदा आलंच, चुलतभावाच्या मागोमाग. त्याला उत्तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या पाहणीत आहे. १९५१ साली सुरू झालेली ती पाहणी पन्नास वर्षं चालली आणि २००४ मध्ये निष्कर्ष आले: साठीत सोडणाऱ्याला साधारण तीन वर्षं आयुष्य परत मिळतं, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत दहा. दादांनी स्वतःच चाळीस आणि पन्नासच्या मधला हिशेब केला.

दिवस ठरवताना वाद झाला. शॉपमधल्या पोरांचं म्हणणं, गटारीला शेवटची ओढा आणि श्रावणापासून बंद. मी विरोध केला. श्रावण पाळणं ही आपल्याकडची चांगली सवय आहे, पण ती परत सुरू करायच्या तारखेसकट येते. दादांनी स्वतः दोन-तीनदा श्रावणात सिगारेट बंद ठेवून गणपतीनंतर सुरू केली होती. त्या महिन्याशी त्यांचं जुनं करारपत्र होतं, ते पुन्हा कशाला काढा. त्याऐवजी शिफ्टचं वेळापत्रक पाहिलं. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. ज्या गुरुवारनंतर फर्स्ट शिफ्ट लागते तो निवडला. निकोटिन सोडल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा निवळतो. थर्ड शिफ्ट यायला तोवर दोन आठवडे जाणार होते.

औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्यांचा विचार झाला. आठ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकट्या औषधांमध्ये हीच सगळ्यात परिणामकारक ठरली होती आणि मनावर वाईट परिणाम होतो ही भीतीही त्यात टिकली नाही. पण मळमळ आणि विचित्र स्वप्नं हे तिचे नेहमीचे त्रास, आणि दादांची झोप आधीच शिफ्टच्या हवाली. शेवटी अंगाला चिकटवायची निकोटिनची पट्टी आणि गम दोन्ही मिळून द्यायचं ठरलं. पट्टी दिवसभर सावकाश निकोटिन देत राहते आणि अचानक तलफ आली की गम. दोन्ही मिळून एकट्या पट्टीपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा चांगलं काम करतात. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्यासाठी २१ मिलिग्रॅमची पट्टी सहा आठवडे, मग १४ ची दोन आठवडे, मग ७ ची दोन.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रेस शॉपच्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी घामानं पट्टी सुटून बनियनला चिकटली. मग आंघोळीनंतर दंड कोरडा करून, केस नसलेल्या जागी, तळहातानं जरा वेळ दाबून धरायची आणि रोज जागा बदलायची, असं बसवलं. थर्ड शिफ्टला 'सकाळी लावा' या सूचनेला अर्थच नाही. ते दुपारी झोपून उठले की लावायचे. रात्री लावून झोपल्यावर स्वप्नं पडली, तेव्हा झोपताना काढायला लागले.

सकाळी चहाच्या आधी कोमट पाणी, रात्री इसबगोल. मधे कुणीतरी सल्ला दिला, "त्यापेक्षा तंबाखू-चुना मळा, सिगारेट आपोआप सुटते." सुटते खरी, आणि तोंडाचा कॅन्सर देणारं दुसरं व्यसन लागतं. मेव्हण्यानं ई-सिगारेटचं सुचवलं. तिच्यावर देशात २०१९ पासून बंदीच आहे.

सगळ्यात कठीण गेलं ते दहा मिनिटांचं. दर दोन तासांनी गेटबाहेर जायचं, पण टपरीच्या विरुद्ध बाजूला, कंपाउंडच्या कडेनं एक फेरी. शॉप इन्चार्जना ते पटेना. "आता तर तुम्ही ओढत नाही, मग बाहेर कशाला?" हा प्रश्न त्यांनी अगदी गंभीरपणे विचारला. दादांनी उत्तर दिलं, "साहेब, ओढत होतो तेव्हा विचारलं नव्हतं." पुढं अडवलं नाही. तलफ टिकते तीन ते पाच मिनिटं. फेरीला तेवढीच लागतात.

बायकोशी बोलणं झालं ते माझ्यासमोर. त्यांनी विचारायचं नाही, वास घ्यायचा नाही. घसरलं तर दादांनी त्याच दिवशी सांगायचं आणि त्यावर त्यांनी रागवायचं नाही. "रागवायचं नाही हे नाही जमायचं," त्या म्हणाल्या. मग 'दुसऱ्या दिवशी रागवायचं' असं ठरलं.

आणि एक ब्रेकडाउन स्लिप. दादांनीच ती आखली: किती वाजता, कुठे, कोण बरोबर, त्याआधी काय झालं, पुढची सिगारेट येऊ नये म्हणून लगेच काय केलं. पाकिटात घडी घालून ठेवली. यावर मला नेहमी ऐकावं लागतं की घसरल्यावरची तयारी आधीच करणं म्हणजे घसरायला परवानगी देणं. मला हे पटत नाही. कसलीही तयारी नसताना दादा घसरले होते, आणि चार दिवस कुणाशीही बोलू शकले नव्हते.

खंडेनवमीची रात्र

स्लिप दहा आठवडे कोरी राहिली. उपकरणातला आकडा तीनवर आला होता, ७ ची पट्टी संपत आली होती. खंडेनवमीला शॉपमध्ये मशिनांची पूजा झाली आणि संध्याकाळी मेंटेनन्सची मंडळी नाशिक रस्त्यावरच्या एका ढाब्यावर बसली. दारू आणि सिगारेट यांचं नातं मी सांगायला नको. दुसऱ्या पेगनंतर दादांनी एक पेटवली. जवळजवळ पूर्ण ओढली.

स्लिपवर लिहिलंय: ९.४०, ढाबा, पाच जण. आधी काय झालं: "गम गाडीत राहिली." लगेच काय केलं: "जेवण सांगितलं. मोटारसायकल ठेवून रिक्षानं घरी." रिक्षातच बायकोला फोन केला. त्या पलीकडून फक्त "या घरी" म्हणाल्या आणि कराराप्रमाणे दुसऱ्या दिवशी रागावल्या.

सकाळी दादांनी सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या क्विटलाइनला, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेला, १८००-११-२३५६ ला, फोन लावला. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. पुढं मुंबईच्या टाटा मेमोरियलसारखी केंद्रं तिला जोडली गेली. फोनवरच्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला तो पट्टी चालू आहे का, हा. दादांनी आदल्या रात्रीच ती काढून टाकायचं मनात आणलं होतं: आता ओढलीच, तर पट्टीचा काय उपयोग. हीच चूक पुष्कळांची होते. एक-दोन सिगारेटी झाल्या म्हणून उपचार थांबवायचा नसतो. डॉक्टरांनी उलट पट्टी आणखी काही आठवडे लांबवली.

त्यानंतर पुढची आली नाही. घाटावरची अर्धीच होती आणि ढाब्यावरची जवळपास पूर्ण, तरी पहिलीनं सात महिने घालवले आणि दुसरीनं एक रात्र. दारू सोडली का, असं मला विचारलं जातं. नाही. दोन महिने बसायला गेले नाहीत, मग गम खिशात ठेवून जायला लागले.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या वर्षश्राद्धाला गावी जाताना दादांनी आदल्या आठवड्यात त्या जुन्या सोबत्याला फोन करून सांगून टाकलं, मी सोडलीय, मला देऊ नकोस. तो म्हणाला, मलाबी सोडायचीय. त्याचं अजून काही झालेलं नाही.

सध्या सव्वा वर्ष होत आलंय. पट्टी केव्हाच संपली. गम चालू आहे, दिवसाला तीन-चार, दोन मिलिग्रॅमची. थर्ड शिफ्टला एखादी जास्त. घरी यावरून कुरबुर आहे. बायकोचं म्हणणं, एक सोडून दुसरं धरलं आणि वर पैसे. पैशांचं म्हणाल तर पूर्वीच्या पाकिटांपुढं हा खर्च किरकोळ आहे. गम बरीच वर्षं घेणारे लोक असतात, आणि पुन्हा धुराकडे जाण्यापेक्षा ते कितीतरी कमी धोक्याचं आहे, हे डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं. दादांना ती बंद करायची आहे, पण थर्ड शिफ्टच्या आठवड्यात नाही, आणि प्रेसचं मोठं काम निघालंय तोवर तर नाहीच. दिवाळीनंतर आधी फर्स्ट शिफ्टमधली दुपारची एक कमी करून बघायचं, इतकंच ठरलं आहे.